उडाली की उडवली

डिस्क ‘उडाली’ असं आम्ही म्हणायचो. मशीन अडलं, फाइल दिसेनाशी झाली, की कोणीतरी म्हणायचं, उडाली. या शब्दात कोणी काही केलेलं नसतं. पाखरू उडतं तसं ते आपलं आपण उडतं. मी एकदा या शब्दाच्या आड लपलो. आता पन्नाशी ओलांडली, तरी तिथून नीट बाहेर आलेलो नाही.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. चंद्रपूरला एका शेठच्या कॉम्प्युटर सेंटरवर मी कामाला होतो. एक मशीन, एक प्रिंटर आणि आम्ही दोघं. मी नागपूरला कोर्स केलेला, म्हणून इन्चार्ज. दुसरा सावली गावचा, बी.एस्सी. झालेला, तोंडानं माझ्यापेक्षा तयार. गिऱ्हाइकांची कामं आटोपली की तो मराठी अक्षरं बनवायला बसायचा. आमचा प्रिंटर फक्त इंग्रजी छापायचा. हा आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन काळा करत अक्षर काढायचा, मग ते मशीनमध्ये भरायचा. खरी दुरुस्ती पुढे पडद्यावरच चालायची, ठिपका इकडे, ठिपका तिकडे. ‘क्ष’नं त्याचा घाम काढला होता. नागपूरच्या एका कंपनीला असं काम करणारा माणूस हवा होता. त्यांचे साहेब लवकरच याची अक्षरं बघायला येणार होते. त्याला तिथे जायचंच होतं. दुसरं काही तो बोलतच नव्हता.

त्याआधी नवी डिस्क आली होती, चाळीस एमबीची. ती फॉरमॅट कशी करायची यावरून आमचं वाजलं. तेव्हाच्या डॉसला एका भागात बत्तीस एमबीच्या पुढची जागा कळत नव्हती. साधा मार्ग म्हणजे डिस्कचे दोन भाग पाडायचे, सी आणि डी. दुसरा मार्ग विक्रेत्याकडच्या खास प्रोग्रॅमचा. त्यानं सगळी डिस्क एकसंध दिसायची. मात्र पुढे ती वाचायला तोच प्रोग्रॅम लागायचा. नुसत्या डॉसच्या फ्लॉपीनं मशीन चालू केलं, तर डिस्क आहे हेच त्याला कळायचं नाही. आणि त्या प्रोग्रॅमची फ्लॉपी विक्रेता नागपूरला परत घेऊन जाणार होता.

“भाऊ, दोन भाग करा,” तो म्हणाला. “साधी राहू द्या. कोणत्याबी फ्लॉपीनं उघडली पाह्यजे.”

“डिस्क आहे का धानाची बांधी? काऊन मधात पाळ घालून राह्यला?” मी विचारलं. त्याच्या घरी भातशेती होती, बांध घातलेली खाचरं.

“एक बांधी फुटली त दुसरीतलं पाणी त वाचते.”

“तू रोवणीच कर बाबा,” मी म्हणालो आणि एकसंध केली. पडद्यावर चाळीसचा आकडा एका ओळीत दिसला, तेव्हा मला फार बरं वाटलं. पुढे त्यानं अक्षरांची प्रत ठेवायला कोऱ्या फ्लॉप्या मागितल्या. एवढी मोठी डिस्क असताना फ्लॉपी कशाला, असं मी त्याला ऐकवलं.

मग भाताच्या रोवणीसाठी तो खरंच गावाला गेला, आणि त्याच दिवसांत एका सकाळी वीज गेली, आली, पुन्हा गेली. त्यानंतर मशीन सुरू होईना. फ्लॉपी लावून सुरू केलं, तर डिस्क दिसेना. डिस्कचा फक्त सुरुवातीचा भाग बिघडला असावा आणि आतलं सगळं शाबूत असावं, हे मला कळत होतं. नागपूरला ट्रंक कॉल लावला. विक्रेता म्हणाला, उद्याच्या एस.टी.नं कंडक्टरच्या हाती फ्लॉपी पाठवतो.

पण दुपारी वरोऱ्याचे एक कापसाचे जिनिंगवाले काम द्यायच्या आधी मशीन बघायला येणार होते. शेठनं खुर्ची ओढली.

“मले काई माहीत नाई. मशीन चालू दिसलं पाह्यजे.”

“शेठ, उद्या फ्लॉपी येते.”

“मंग मी का त्याइले उद्यापर्यंत चाय पाजू?”

गिऱ्हाइकांचं सगळं फ्लॉप्यांवर होतं. डिस्कवर होती ती फक्त त्या एकट्याची अक्षरं, आणि हे शेठला ठाऊक नव्हतं. एवढं सांगितलं असतं तर तो कदाचित थांबला असता. पण मग डिस्क दिसत का नाही, एकसंध कोणी केली, हेही निघालं असतं. मी साध्या डॉसच्या फ्लॉपीनं डिस्क नव्यानं फॉरमॅट करायला घेतली.

डिस्कवरचं सगळं जाईल, पुढे जायचं का, असं मशीननं विचारलं. वाय की एन. मी वाय दाबलं. पडद्यावर आकडे चढू लागले. माझं बोट बंद करायच्या बटणाजवळ होतं आणि शेठ माझ्या मानेशी उभा होता. आकडे संपले, तेव्हा बोट तिथेच होतं. या खेपेला मी डिस्कचे दोन भाग पाडले होते. त्यानं सांगितलं होतं तसेच.

जिनिंगवाले आले, चहा पिऊन गेले. त्यांनी काम दिलं की नाही, ते आठवतही नाही.

दुसऱ्या दिवशी तो गावाहून आला. नखांत अजून चिखल होता. मशीनसमोर बसला आणि खूश झाला.

“अरे वा भाऊ! दोन केले? आलं म्हणा ध्यानात!” मग त्यानं सी बघितलं, डी बघितलं. “माहे अक्षरं कुठी आहेत?”

“वीज गेली होती. डिस्क उडाली.”

“उडली का उडवली?” तो हसत म्हणाला. ही त्याची नेहमीची थट्टा होती, कोणाचीही फाइल हरवली की तो हेच विचारायचा.

“उडाली म्हटलं ना!” माझा आवाज चढला.

तो हसायचा थांबला. थोड्या वेळानं त्याला काहीतरी आठवलं. त्यानं पिशवीतून एक पाकीट काढलं. “बसस्टँडवर नागपूरचा कंडक्टर आपल्या सेंटरचं नाव पुकारून राह्यला होता. घेऊन आलो.”

मी हात पुढे केला, पण त्यानं पाकीट उघडलं होतं. आत फ्लॉपी होती. त्यानं तिच्यावरची चिठ्ठी वाचली. मग पुन्हा वाचली.

“हे त आपल्याच डिस्कची आहे.”

“हो.”

“आज येनार होती, हे तुमाले माहीत होतं?”

मी प्रिंटरमधला कागद सरळ करू लागलो. तो सरळच होता. त्यानं फ्लॉपी माझ्या टेबलावर ठेवली आणि आलेखाचे जुने कागद शोधायला लागला.

नागपूरचे साहेब आले, तोवर त्याची जेमतेम स्वर आणि ‘क’पासूनची थोडी अक्षरं पुन्हा उभी राहिली होती. ‘व’पर्यंत तो पोचलाच नव्हता. साहेबांनी कागद उजेडात धरला.

“छान आहे. बाकीची?”

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी प्रिंटरजवळच उभा होतो. एक वाक्य बोलायला हवं होतं, आणि ते माझं होतं.

“उडली साहेब,” तो म्हणाला.

साहेबांनी मान हलवली, कागद परत दिला. कळवतो म्हणाले, आणि ते कधी कळवणार नव्हते हे आम्हां दोघांनाही कळलं. जिन्यावर त्यांचे बूट बराच वेळ वाजत होते. धावत जाऊन गाठता आलं असतं. मी प्रिंटरची फीत काढली आणि पुन्हा बसवली.