डोळ्यांच्या साथीत माकणीला

डोळे येण्याची साथ जोरात असताना प्रवास टाळावा, असं सगळे सांगत होते. मीही ऑफिसात सगळ्यांना तेच सांगत होते, माकणीहून बाळूचा फोन येईपर्यंत.

बाळू माझा मावसभाऊ, माकणी हे मावशीचं गाव, लोहाऱ्याच्या पुढं. मावशीच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच सोलापूरला झालं होतं. दुसऱ्या डोळ्यानं तिला धूसरच दिसतं. ऑपरेशनच्या डोळ्यात सारखं औषध घालायचं, तेही स्वच्छ हातांनी. आणि घरात बाळू, त्याची बायको सुनीता, लेकरं, सगळ्यांचे डोळे आलेले.

"ताई, आमी समदे शेतातल्या घरात हाव. शेजारी बी त्येच. आईजवळ जायला धड मानूस न्हाय. तू ये."

मी आणि नवरा मिलिंद पहाटेच पुण्याहून निघालो. सोबत स्वतंत्र टॉवेल, साबण, सॅनिटायझर, काळे चष्मे. कुणाशी हात मिळवायचा नाही, कुणाचा रुमाल घ्यायचा नाही. इतक्या तयारीनं लोक काशीलाही जात नसतील.

सोलापूरपर्यंत रस्ता सुरेख. पुढं नळदुर्ग मागं टाकून जळकोटला चहाला थांबलो. हॉटेलात मालकासकट सगळे काळ्या चष्म्यात. बिस्किटांच्या बरण्यांशेजारी चष्मेही विकायला होते. "कुठं निघालाव?" मालकानं विचारलं. मी चार हात लांबूनच उत्तर दिलं. चहा मात्र झकास होता. या रस्त्यानं गेलात तर चुकवू नका.

महामार्ग सोडून लोहाऱ्याकडं वळलो. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना सोयाबीन. लोहारा जवळ आलं तसं माझ्या डाव्या डोळ्यात खडा गेल्यासारखं झालं. आरशात पाहिलं, तर डोळा लालभडक.

लोहाऱ्यातल्या डॉक्टरांनी एका नजरेत निकाल दिला. "डोळे आलेत."

"पण मी वाटेत कशालाच हात लावला नाही!"

"वाटेतलं इतक्या लवकर दिसत नाही, ताई. हे तुम्ही पुण्याहूनच आणलंय."

मिलिंदचे डोळे स्वच्छ निघाले. "यांच्यापासून लांब राहा," डॉक्टर त्याला म्हणाले. लग्नानंतर एवढा तंतोतंत पाळलेला सल्ला मला आठवत नाही. पुढचा रस्ता मी मागच्या सीटवर, टॅक्सीतल्या गिऱ्हाईकासारखी.

माकणीला पोचलो, तेव्हा मावशी ओसरीवरच्या खाटेवर बसली होती.

"अंगणातच का थांबलीस गं?"

"मावशी, माझेही डोळे आलेत."

तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. मला वाटलं, रागावली. मग हळूच म्हणाली, "लई लांबून आलीस, पोरी." तिला मिठी मारायला आलेली मी, तुळशीपाशी उभी राहून रडत होते. त्या डोळ्यांनी रडणंही धड जमत नाही, नुसती आग होते.

आता उरला मिलिंद. स्वतःच्या मुलीला इंजेक्शन देताना हा दवाखान्याबाहेर जाऊन उभा राहतो. आणि मावशीचं वेगळंच.

"जावायाच्या हातानं? ते उबे ऱ्हानार आन् म्या त्येंच्याम्होरं आडवी पडनार? लोक काय म्हंतील?"

"मावशी, डोळा जाईल. लोक काय म्हणतात ते बघायला तरी डोळा नको का?"

शेवटी ती पदर नीट डोक्यावर घेऊन आडवी झाली. मिलिंदनं साबणानं हात इतके धुतले की बादली संपली. मी अंगणातून ओरडून सूचना देत होते. पहिला थेंब नाकावर पडला. दुसरा गालावर.

"जावईबापू," मावशी शांतपणे म्हणाली, "डोळा हितं हाय."

तिसरा बरोबर पडला.

माझी भरती शेतातल्या घरात झाली. खानावळीतून ज्वारीची भाकरी, आमटी, शेंगाचटणी यायची. संध्याकाळी आम्ही सगळे काळे चष्मे लावून शेतापलीकडच्या धरणाच्या पाण्याकडं बघत बसायचो. फार सुंदर जागा आहे म्हणतात. गावातल्या घरी मिलिंद मावशीला वर्तमानपत्र वाचून दाखवायचा आणि ती त्याला भाकरी थापायला शिकवायची, हे मला फोनवरून कळायचं.

सोलापूरच्या तपासणीत मावशीचा डोळा छान निघाला. तोवर माझेही बरे झाले होते. निघताना तिनं मला जवळ घेतलं, पण नीट बघितलं ते मिलिंदकडं. "असे दिसता व्हय तुमी!"

परतल्यावर मैत्रिणी विचारतात, साथीत प्रवास करताना काय काळजी घ्यावी? मी सांगते, हात धुवा, डोळे चोळू नका, आणि आधी स्वतःला तपासून निघा.

परवा मावशीचा फोन आला. दिवाळीनंतर दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. मी रजेचं बोलायला लागले, तर म्हणाली, "तू कशाला तरास घेतीस? निस्तं जावायाला धाड."