शंभर टक्केवाले बनकर सर

बनकर सर गेल्याची बातमी शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडली आणि बघता बघता तिच्याखाली अंगठेच अंगठे उगवले. पालकांचा काही दोष नाही. ग्रुपवर काही आलं की अंगठा द्यायचा, ही सवय खुद्द सरांनीच लावलेली. कोरोनात शाळा फोनमध्ये शिरली तेव्हा मुख्याध्यापक म्हणून त्यांचा हुकूम निघाला होता: सकाळी मी 'शुभ सकाळ' टाकीन, ज्याचा अंगठा येईल ते पोर हजर. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण त्या दोन शिक्षकी शाळेतली दुसरी शिक्षिका मी होते, तेव्हा मला थोडी सूट मिळावी.

आमची शाळा केडगावच्या पुढे, कॅनॉलच्या कडेला, एका वस्तीवर. सर दौंडहून डेमू रेल्वेनं केडगावला उतरायचे आणि तिथून मोटरसायकलवर यायचे. अंगात कडक इस्त्रीची सफारी, खिशाला दोन पेनं. हजेरी घेताना हा माणूस कधी मान वर करायचा नाही. नाव घ्यायचं, 'हजर' ऐकायचं, खूण करायची. एकाच पोरानं आवाज बदलून तिघांचं 'हजर' म्हटलं तरी चालायचं. मी एकदा म्हटलं, "सर, जरा पोरांची तोंडं बघत जा." तर म्हणाले, "बाई, आपण कागदाला जबाबदार. पोराला आईबाप हायेत की." वर मला समजावलं, "नोकरीत नव्या हाय तुम्ही. पोरं येत्यात आन् जात्यात, कागद ऱ्हातो."

असा माणूस आणि ऑनलाइन शाळा म्हणजे दुधात साखरच की! पोरांचा गलका नाही, फळा नाही, खडूची धूळ नाही. सकाळी 'शुभ सकाळ', मागोमाग कुठून तरी आलेला एक व्हिडिओ, आणि झाली शाळा. फोन बापाच्या खिशात, बाप रांजणगावला कंपनीत. तो मशीनवरून अंगठा द्यायचा आणि त्याचं पोर इकडे कॅनॉलमध्ये डुंबायचं. एका आजोबांनी चुकून रडणारं तोंड पाठवलं, सरांनी तेही हजर धरलं. म्हणाले, "आजारी आसंल, पण आलंय ना?"

मी तोंडाला मास्क लावून वस्तीवर जायची. लिंबाखाली पहिली-दुसरीची पोरं लांब लांब बसवायची आणि जितकी आली तितकीच लिहायची. साहजिकच माझा आकडा लंगडा. सर वैतागायचे. "बाई, तुमचा वर्ग शाळेचं नाक कापतोय."

"नाक मास्कमध्ये आहे सर, कुणाला दिसायचं नाही."

"लई शानपणा बरा न्हवं," असं म्हणून ते माझा आकडा आपल्या हातानं सरळ करून वर धाडायचे.

पुढे निर्बंध सैल झाले आणि तालुक्यानं ठरवलं की ऑनलाइन हजेरीत पहिल्या आलेल्या शाळांचा आणि पोरांचा सत्कार करायचा. आमची शाळा शंभर टक्के. पोरांत पहिली आली चौथीतली मुस्कान. चौथी सरांकडेच होती. रोज सगळ्यांच्या आधी अंगठा तिचाच. सरांची छाती सफारीत मावेना. "बघा, ह्याला म्हणत्यात शिस्त!"

"तुम्ही तिला शेवटचं कधी बघितलं?" मी विचारलं.

"बघायचं काय त्यात? येती की रोज."

सत्काराचा निरोप द्यायला आम्ही तिच्या घरी गेलो. मुस्कान घरात नव्हती. शाळा बंद झाली तेव्हाच तिला शिरूरकडे फुफीकडे, म्हणजे आत्याकडे, धाडलेलं. फुफी कांद्याच्या शेडवर कामाला जायची आणि तिचं तान्हं बाळ मुस्कान सांभाळायची. तेवढ्यात तिचे वडील रशीदभाई आले. भाजीपाल्याचा टेम्पो चालवायचे. सरांना बघून त्यांना कोण आनंद! आम्हाला खाटेवर बसवलं आणि अभिमानानं सांगितलं, "सर, एक दिवस खाडा केला न्हाई बघा. गाडी चालू करायच्या आदी अंगठा. नेट संपलं तर चहा सोडला, पन रिचार्ज मारला."

मी म्हटलं, "अहो भाई, पण पोरगी शिकली काय?"

ते गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. "म्हंजी? अंगठा दिला की शाळा झाली ना? सरांनीच सांगितलं हुतं."

आता बोला! सगळ्या ग्रुपात प्रामाणिक असा हा एकच माणूस होता. बाकीचे सरांना फसवत होते आणि सरांना ते चालत होतं. ह्यानं मात्र मनापासून विश्वास ठेवला होता की रोजचा अंगठा म्हणजे लेकीची शाळा. मला सरांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं. सर दावणीच्या शेळीकडे बघत होते. मग खाकरून म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. सत्कारापुरती एक दिवस आणा तिला."

मुस्कान आली. नवा फ्रॉक, तेल लावून घट्ट वेण्या. शाळेच्या पटांगणात मांडव, हार, शाल, नारळ, सगळा थाट. तालुक्याच्या साहेबांनी तिच्या हातात प्रमाणपत्र दिलं आणि माईक तिच्यापुढे धरला. "आवडली का बाळ ऑनलाइन शाळा?"

"मी न्हाई गेले," मुस्कान म्हणाली. "अब्बा जायचे."

मांडव हसला. साहेब हसले. सर सगळ्यांत मोठ्यानं हसले आणि त्यांनी टाळ्यासुद्धा पिटल्या. साहेबांना वाटलं पोरगी लाजतेय, म्हणून ते म्हणाले, "बरं, ह्यावर काय लिहिलंय ते वाच बघू." मुस्काननं कागद असा धरला, तसा धरला आणि हळूच म्हणाली, "येत न्हाई." लगेच दुसरं नाव पुकारलं गेलं. मागच्या रांगेत रशीदभाई उभे होते. टाळ्या वाजवायला उचललेले त्यांचे हात तसेच राहिले होते.

शाळा उघडली त्या दिवशी ते लेकीचा हात धरून दारात हजर. "सर, हिला परत चौथीत बसवा. तिसरीत बसवा. कुठं बी बसवा."

"आवं, कशी बसवू?" सर म्हणाले. "शंभर टक्के हजर, पास झालेली पोरगी. तालुक्यानं सत्कार केलाय. मागं बसवली तर सत्कार कशाचा केला म्हनून इचारत्याल ना!" आणि पाचवीसाठी दुसऱ्या गावच्या हायस्कूलचा रस्ता दाखवून त्यांनी तिचा दाखला रशीदभाईंच्या हातात ठेवला. होती-नव्हती ती अक्षरंही विसरलेली पोर पाचवीत! वा रे गुरुजी!

रशीदभाई माझ्याकडे आले. "बाई, तिथं ही चार दिस बी टिकायची न्हाई. फुफी न्यायला टपलीच हाय. एकदा का गेली, की गेली."

मी मुस्कानला माझ्या दुसरीच्या वर्गात बसवलं. सरांना सांगितलं तर दोन्ही हात वर करून म्हणाले, "मी काय बघितलं न्हाई."

"ते तुम्ही कधीच बघत नाही," मी म्हटलं.

पोरगी सगळ्यांच्या आधी यायची. चिल्ल्यापिल्ल्यांत गुडघे दुमडून बसायची आणि त्यांच्याबरोबर काना-मात्रा गिरवायची. आमच्या पटावरून नाव गेलेलं, हायस्कूलच्या पटावर लागलेलं नाही, त्यामुळे हजेरीत तिचं नाव कोणीच घ्यायचं नाही. माझी पोरं मोठी गुणी. शेवटचं नाव झालं की आपणहून ओरडायची, "आन् मुस्कानदीदी!" मग ती 'हजर' म्हणायची.

आणि एक दिवस पटपडताळणीला साहेब आले. पटावर जितकी नावं तितकीच डोकी भरायला हवीत. मी पटांगणात पोरांची रांग करत होते. वळून बघते तर मुस्कान नाही. सर खिचडीच्या तांदळाच्या खोलीला बाहेरून कडी घालत होते.

"सर, दार उघडा."

"साहेब गेले की काढतो. एक डोकं जास्त निघालं तर काय सांगू?" सरांच्या कपाळावर घाम होता. तोवर साहेब ओट्यावर आलेच.

त्या दिवशी बनकर सरांनी जन्मात पहिल्यांदा मान वर करून एकेका पोराचं तोंड बघितलं, तेही मोजण्यासाठी. डोकी आणि नावं तंतोतंत जुळली. साहेबांनी शेरा मारला, 'उत्तम', चहा घेतला आणि गाडीत बसले.

मी धावत जाऊन कडी काढली. वाटलं होतं पोरगी रडून अर्धी झाली असेल. ती पोत्यांपाशी उकिडवी बसली होती. वरच्या झरोक्यातून थोडा उजेड येत होता. पोत्यावरच्या छापील अक्षरांवर बोट फिरवत ती जोरजोरात वाचत होती, "शा-ले-य पो-षण आ-हा-र. वि..." पुढच्या जोडाक्षराला अडखळली, परत मागे गेली आणि नेटानं म्हणाली, "वि-क्री-सा-ठी ना-ही!"

मागून सर आले. "आरं वा! वाचती की पोरगी! शेवटी आपल्याच शाळेची हाय."

"आपल्या शाळेची?" मी म्हटलं. "कुठल्या कागदावर, सर?"

सर वाकून तांदळाची पोती मोजायला लागले.

शाळा सुटताना रशीदभाई लेकीला न्यायला आले. मी काही सांगायच्या आत मुस्काननं त्यांना ओढत त्या खोलीत नेलं आणि सगळं पोतं वाचून दाखवलं. मग दारातच उभं राहून त्यांनी फोन लावला. "आपा, मुस्कान नै आती अब. दुसरी देख ले." फुफी पलीकडून बरंच काही बोलली असावी. त्यांनी फोन खिशात टाकला आणि ते सरांकडे वळले.

"सर, पोरगी रोज यील. तुम्ही हजेरी लावा, न्हाई तर नका लावू."

सरांनी खिशातली पेनं उगाच नीट केली, मोटरसायकलला किक मारली आणि डेमू गाठायला निघून गेले.