पासवर्डमधली बाई

धोंडाबाईला घरात बसवून ठेवणं आजवर कुणालाच जमलं नव्हतं. ते काम शेवटी गोठ्यातल्या शेणानं केलं. पाय घसरला, घोटा मोडला, आणि अख्ख्या भाजे गावाची खबरबात पायी फिरून गोळा करणारी ही बाई प्लास्टरातला पाय उशीवर ठेवून खाटेवर पडून राहिली. पडताना कमरेचा मोबाईल पाण्याच्या बादलीत गेला तो गेलाच. मुलगा सत्यम लोणावळ्यात टुरिस्टांची गाडी चालवतो. त्यानं काल संध्याकाळी नवा मोबाईल आणला, त्यात जुनं कार्ड घातलं, "वायफाय उद्या जोडून देतो" म्हणाला आणि पहाटेच मुंबईच्या भाड्यावर निघून गेला. सत्यमचा उद्या नक्की कधी उगवतो, हे घरात कुणी विचारत नाही.

एरवी धोंडाबाईनं आठवडाभर वाट पाहिली असती. पण आज सकाळीच भाची प्रेरणाचा फोन आला. धोंडाबाईचा थोरला भाऊ कोंडाजी, शिरगावचा, पुण्याच्या दवाखान्यात होता. काळजाचं ऑपरेशन. दुपारी आत नेणार होते.

"आत्या, आप्पा म्हनत्यात, आत जायच्या आदी तुला एकदा बघायचंय. व्हिडिओ कॉल लावते. मोबाईल तयार ठेव."

धोंडाबाई "व्हय व्हय" म्हणाली आणि फोन ठेवल्यावर रडली. भाऊ सत्तरीच्या पुढं गेलेला, साखर वाढलेली, आणि आपण अशा लंगड्या. आज चेहरा दिसला नाही आणि उद्या काही बरंवाईट झालं, तर हे जन्मभर काळजात सलत राहणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आता अडचण अशी, की त्यांच्या घरात बोलायचा फोन लागतो. पण तोंड दिसायचा फोन लावला की मागचा डोंगर आडवा येतो. माणसाचे तुकडे होतात. नाक एकीकडं गोठतं, आवाज दुसरीकडं जातो. म्हणून तर वायफाय घेतलेलं. डबा भिंतीवर होता, त्याचे हिरवे दिवे लुकलुकत होते, आणि नवा मोबाईल पासवर्ड मागत होता. घरातल्या सगळ्या मोबाईलांत तो वर्षानुवर्षं बसलेला. त्यामुळं तो तोंडानं सांगायची वेळ कुणावर कधी आलीच नव्हती. सून सारिका तळेगावच्या कंपनीत. तिथं गेटवरच मोबाईल जमा करून घेतात, शिफ्ट सुटेपर्यंत बोलायचं नाव नाही. नातू स्वराज शाळेत. सत्यमला फोन लावला तर तो म्हणाला, "मला न्हाई आठवत. जुन्या लॅपटॉपात असंल बघा," आणि ठेवला.

राहता राहिले दत्तोबा. धोंडाबाईचे मालक. उभी हयात रेल्वेत गेटमन म्हणून काढलेली, त्यामुळं इंग्रजी अक्षरं ओळखतात, आणि यंत्राला घाबरत नाहीत. यंत्र त्यांना घाबरतं की नाही, हा वेगळा प्रश्न.

"त्यात काय आवघड? आपल्या गावात पासवर्ड आसतो कसा? नाव आन फुडं एक-दोन-तीन," दत्तोबा म्हणाले, आणि चष्मा नाकावर चढवून कामाला लागले.

आधी एकवीरा आईचं नाव घालून एक-दोन-तीन लावलं. नाही. मग स्वराज. नाही. सत्यम. नाही. मग मेलेल्या बैलाचं नाव, कारण तो बैल सत्यमचा जीव की प्राण होता. तेही नाही. धोंडाबाई खाटेवरून एकेक नाव पुरवत होती. ग्रामदैवत झालं, साईबाबा झाले, ट्रॅक्टरचा नंबर झाला. घरातलं कुत्रंसुद्धा सुटलं नाही.

"अवं, सारिकाचं बगा की," सगळं संपल्यावर तिला सुचलं.

दत्तोबांनी सारिका घातलं, पुढं एक-दोन-तीन लावलं. मोबाईलनं तेही नाकारलं. मग त्यांनी आपल्या बटणाच्या फोनवरून नेटवाल्या विक्कीला फोन लावला.

विक्की म्हणाला, "आबा, मी उद्या येतो. आज कामशेतला खांबावर हाय."

"उद्याचं सांगू नको. आमचा मेव्हना ऑपरेशनला चाललाय. पासवर्ड सांग."

"मला काय म्हाईत? जोडनी केली तवा तुमच्या घरातल्यांनीच टाकला व्हता, मी नव्हता टाकला. आसं करा, घरात जुना कंप्युटर हाय का, त्याला पैल्यापासनं जोडल्याला?"

होता. करोनात स्वराजच्या शाळेसाठी घेतलेला जुनापुराणा लॅपटॉप कपाटावर टॉवेलाखाली पडून होता. त्याची बॅटरी कधीच मेलेली. वायर लावली तरच जागा होतो, वायर हलली की पुन्हा झोपतो. दत्तोबांनी तो धोंडाबाईच्या खाटेशेजारी स्टुलावर मांडला. तो उघडायला इतका वेळ लागला, की तेवढ्यात धोंडाबाईनं तीन देवांना नवस बोलून घेतले.

मग सुरू झाला तो प्रकार. गेटमनला स्टेशनवरून जो निरोप येतो, तो जसाच्या तसा मोठ्यानं परत म्हणून दाखवायचा आणि मगच गेट पाडायचं, ही दत्तोबांची जुनी सवय. रिटायर झाले, पण सवय काही रिटायर झाली नाही.

"खाली उजव्या कोपऱ्यात वाढत गेलेल्या काड्या दिसत्यात का?"

"खाली उजव्या कोपऱ्यात वाढत गेलेल्या काड्या!" दत्तोबा ओरडले. "दिसत्यात!"

"त्याच्यावर बाण नेऊन उजवं बटन दाबा."

"त्याच्यावर बाण नेऊन उजवं बटन!" असं म्हणत त्यांनी कीबोर्डाच्या उजव्या टोकाचं मोठं बटन दाबलं. पडद्यावर भलतंच काही उघडलं.

"आवं, माऊसचं उजवं, आबा!"

"मग माऊसचं म्हन की! गेट कंचं ते आदी सांगावं मानसानं."

हे बंद कर, ते उघड, पुन्हा काड्या, पुन्हा उजवं बटन. एकदा वायर हलली आणि सगळं काळं झालं. धोंडाबाईला यातलं काही म्हणता काही कळत नव्हतं. ती फक्त पडद्याकडं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं आळीपाळीनं बघत होती. कंप्युटरात शिरायचं म्हणजे एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत जायचं, एवढाच तिला अंदाज आला. प्रत्येक खोलीत दत्तोबा आधी चुकीच्या दारानं जात होते. मधेच त्यांनी असं काही दाबलं, की पडद्यावरची अक्षरं आडवी झाली. दोघांनी माना वाकड्या करून पाहिलं, आणि विक्कीनं कसंबसं ती सरळ करून दिली.

शेवटी विक्की म्हणाला, "आता सिक्युरिटी लिवलंय तितं जावा. काळे ठिपके दिसतील. त्याच्याखाली बारका चौकोन हाय. त्याच्यात टिचकी मारा. ठिपके जाऊन पासवर्ड दिसंल."

दत्तोबांनी निरोप परत म्हणून दाखवला आणि टिचकी मारली. ठिपके गेले. ते पुढं वाकले, एकेक अक्षर जुळवलं आणि चष्मा पुसून पुन्हा जुळवलं.

"काय हाय?" धोंडाबाईनं विचारलं.

"चैताली."

"कोन?"

"चैताली. म्होरं एक-दोन-तीन बी न्हाई. नुसतंच चैताली."

दोघांनी ओळखीतल्या साऱ्या बायका मोजून पाहिल्या. भावकीत चैताली नव्हती. शेजारीपाजारी नव्हती. गेलेल्यांत नव्हती. विक्कीला विचारलं तर तो म्हणाला, "आबा, तुमच्या घरातलं तुमी बगा," आणि घाईघाईनं फोन ठेवला. त्या घाईनंच धोंडाबाईच्या मनात पाल चुकचुकली.

"अवं, ह्यो पासवर्ड सत्यमनंच टाकलाय का?"

"त्याच्याबिगर कोन टाकनार? नेट त्यानंच आनलं."

परवाच त्यानं नवा शर्ट घेतला होता. गाडीत अत्तराची बाटली लावतो, गिऱ्हाइकांसाठी म्हणे. आणि पासवर्ड विचारल्यावर कसा तुटक बोलला! धोंडाबाईनं दोन आणि दोन जोडले आणि त्यांचे पाच झाले. दत्तोबांनी लगेच सत्यमला पुन्हा फोन लावला आणि कसलीही प्रस्तावना न करता विचारलं, "ही चैताली कोन रं?"

"कोन चैताली? मी न्हाई वळखत कुनाला. आबा, घाटात हाय मी, पॅसेंजर हायती. ठेवा."

"बगितलं? आवाज कसा झाला त्याचा!" धोंडाबाई म्हणाली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. बिचारी सारिका! सकाळी उठून साऱ्यांचा स्वयंपाक करून कंपनीत जाते, आल्यावर सासूला न्हाऊ घालते, आणि तिच्या छातीवर ही बया आणून बसवली मेल्यानं. आणि घरभर! भिंतीवरच्या डब्यात, साऱ्यांच्या मोबाईलात. म्हणजे इतकी वर्षं आपण तिचंच नाव घेऊन भजनं ऐकत होतो.

"टाकू का ते मोबाईलात?" दत्तोबांनी विचारलं.

"काय नको! त्या बयेच्या नावानं मी माज्या भावाला बगनार न्हाई."

"आगं, किल्ली कुनाची का आसंना, कुलूप उगडल्याशी कारन."

"न्हाई म्हनलं ना!"

नवा मोबाईल वाजला. प्रेरणा होती. "आत्या, कुटं हाईस? तुजा व्हिडिओ लागंना. आप्पांना आता न्यायला आल्यात. दोन मिंटं थांबा म्हनलंय."

बया बयेच्या जागी, पण भाऊ एकच होता. तिनं मोबाईल दत्तोबांपुढं धरला आणि तोंड दुसरीकडं फिरवलं. "टाका काय ते."

दत्तोबांनी एका बोटानं चैताली टाकलं. मोबाईल जोडला गेला. पुढच्याच क्षणी तो वाजायला लागला आणि पडद्यावर कोंडाजी आला, डोक्याला हिरवी टोपी, दाढी केलेली, चेहरा उतरलेला, पण अख्खा. नाक नाकाच्या जागी.

"काय गं सखू, पाय मोडून बसलीस व्हय?"

सखू हे तिचं माहेरचं नाव. लग्नात धोंडाबाई झाली. सखू म्हणणारे आईबाप गेले, मधला भाऊ गेला, आता हाक मारणारा हा एकटाच उरलेला. धोंडाबाई पदरानं डोळे पुसायला लागली.

"रडू नको. मी काय लगीच मरत न्हाई," कोंडाजी म्हणाला. "आन चैताली कुटाय? दिसंना."

धोंडाबाईचं रडणं जागच्या जागी थांबलं. "कोन, दादा?"

"आगं चैताली. तुजी सून. परवा भेटाया आलती, ते सांगितलं न्हाई व्हय तिनं? घरी बबी म्हनायचे तिला, पर शाळंत चैताली. आमच्या पेर्नाच्या बाकावर बसायची. शाळंत भाषनाला उभी ऱ्हायली की मास्तर बी गप व्हायचे. सत्यमचं लगीन मीच न्हाई का जमवलं? इसरलीस?"

"न्हाई," धोंडाबाई म्हणाली. ती विसरली होती.

"बरं. येतो," कोंडाजी म्हणाला. मग पडद्यावर छत दिसलं, दिवे दिसले, आणि फोन बंद झाला.

दत्तोबा लॅपटॉपकडं बघत बसले होते. "आसं व्हय," ते म्हणाले. "म्हंजी आपली सारिका?"

"आपलीच."

धोंडाबाईला सगळं आठवलं. बघायला गेले तेव्हा पोरीनं मान वर करून पूर्ण नाव सांगितलं होतं. पत्रिकेवर ते छापलंही होतं. पण स्वतःच्या घरची पत्रिका वाचतं कोण? लग्नात ताटात तांदूळ पसरले, सत्यमनं अंगठीनं त्यावर सारिका लिहिलं, आणि ते नाव सांगितलं होतं धोंडाबाईनंच. चैताली जिभेला जड जातं म्हणाली होती. तांदूळ गोळा केले आणि त्यासरशी ती पोरगीही गोळा झाली. धोंडाबाईला लाज वाटली. आपल्याला सखू म्हणायला निदान दादा आहे. हिला या घरात तिच्या नावानं ओळखणारं कोण, तर टॉवेलाखालचं ते डबडं.

दुपार तिनं जीव मुठीत धरून काढली. शिफ्ट संपवून सारिका आली, हातपाय धुतले, आणि तेवढ्यात प्रेरणाचा फोन आला. ऑपरेशन नीट झालं होतं, आप्पा शुद्धीवर येत होते. धोंडाबाईनं देवाला हात जोडले. सारिकानं आनंदानं चहाचं आधण ठेवलं.

"पण आई, मोबाईल जोडला कुणी? पासवर्ड कुठं मिळाला?"

"लॅपटॉपात," दत्तोबा ऐटीत म्हणाले. "म्या काढला."

सारिकाचा हात साखरेच्या डब्यावर थांबला. तिनं वळून पाहिलं नाही. "मी बदलते तो. तेव्हा घाईत सुचलं ते टाकलं होतं."

"नको बदलूस," धोंडाबाई म्हणाली. "हाय ते बरं हाय."

बाहेर गाडी थांबली आणि सत्यम आत आला. चप्पल काढता काढता त्यानं मामाची चौकशी केली, हुश्श केलं आणि दत्तोबांकडं वळला.

"आबा, दुपारी ते चैताली चैताली काय लावलं व्हतं? पॅसेंजर हसत व्हते. कोन ही चैताली?"

धोंडाबाईनं प्लास्टरातला पाय उशीवर सारखा केला. दत्तोबा वायर गुंडाळायला लागले. सारिका चहा गाळत होती.

"होती एक," ती म्हणाली. "शिरगावच्या शाळेत."

"मग आता कुटं आसती?"

"लग्न झालं तिचं," सारिका म्हणाली, आणि त्याच्यापुढं कप ठेवला.