आत्याच्या अर्जाला हळद

तमिळ मुलखातल्या आमच्या मराठी घरातून शुभपत्र बाहेर पडायचं तर त्याच्या चारी कोपऱ्यांना हळद लागते. म्हणून आत्याने आमदारबाईंच्या कचेरीत द्यायला अर्ज दिला, तेव्हा मी पाकिटालाही चार बोटं हळद लावली. माझ्यावर सोपवलेलं काम तेवढंच. अर्ज आत्यानेच लिहिला होता, कारण माझं तमिळ अक्षर मलाही दुसऱ्या दिवशी लागत नाही.

अर्ज मात्र हसण्यासारखा नव्हता. आत्या आणि ती शिकवायची त्या शाळेतल्या संगीताच्या बाई तीस वर्षं एका घरात राहतात. त्या बाईंना आम्ही अक्का म्हणतो. अक्कांचं अर्धं अंग गेलं, आणि पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला स्वतः या, असं बँक म्हणू लागली. आत्याने घरी माणूस पाठवा म्हटलं, तर काउंटरवरून प्रश्न आला, "तुम्ही त्यांच्या कोण?" आत्या कागद गोळा करून परत आली. पेन्शन थांबली. अक्कांना उचलून बसवणाऱ्या दिवसाच्या बाईला पुढच्या महिन्यात ठेवता येईल का, याचीच आता चिंता होती.

पंधरा दिवसांनी सकाळी आमदारबाईंची गाडी दारात. हातात फळांचं ताट, वर रेशमी शाल.

"तिरुनागेश्वरमला देवदर्शनाला निघाले होते," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "मुहूर्ताला जमेल न जमेल, आधीच आशीर्वाद देऊन जाते. वधूवर कुठे आहेत?"

माझं पाकीट कचेरीत लग्नपत्रिकांच्या ढिगात गेलं होतं, आणि वरचा पत्ता पाहून त्यांनी ते न फोडताच सोबत आणलं होतं.

आत्या माझ्याकडे वळली. "काय रे शहाण्या, अर्जास हळद लावलास?"

"शुभ असतं म्हणून..."

"कोणाचं? बँकेचं?"

आमदारबाईंनी पाकीट तिथेच फोडलं, वाचलं, आणि आत जाऊन अक्कांच्या खाटेशी बसल्या. "यांना आंघोळ कोण घालतं?"

"मी, आणि ती दिवसाची बाई."

"आणि तुम्हालाच काही झालं तर?"

आत्याने अक्कांचं पांघरूण सारखं केलं. अक्कांची जीभ जड झाली आहे, नजर नाही. त्या शाल निरखत आत्याला म्हणाल्या, "परत... देऊ नकोस. रंग छान आहे."

पुढच्या अधिवेशनात आमदारबाई उभ्या राहिल्या, ते आम्ही टीव्हीवर पाहिलं. खाटेवरच्या माणसाकडे बँक का जात नाही, याचा जाब कोणाला विचारायचा? घरी येऊन सेवा करणारी माणसं सरकार कधी देणार? आणि लग्नाशिवाय आयुष्य एकत्र काढणाऱ्या दोघांची जोडीदार म्हणून कायद्याने नोंद का होऊ नये? तिसऱ्या प्रश्नाला मागच्या बाकांवर हशा झाला. बाई थांबल्या, हशा ओसरू दिला, आणि तोच प्रश्न पुन्हा वाचला. बँकेला लिहू, सेवेची योजना पाहू, तिसऱ्यावर विचार करू, असं मंत्री म्हणाले.

"विचार करू म्हणजे संपलं," मी पोक्तपणे म्हणालो.

"सभेत मोठ्याने विचारलं तरी," आत्या म्हणाली. "आजवर तेवढंही नव्हतं."

आठवड्याभरात बँकेचा तरुण अधिकारी यंत्र घेऊन आला, अक्कांचा अंगठा घेतला. मग फॉर्म काढून विचारलं, "सोबत राहणाऱ्याचं नातं?"

"जोडीदार," आत्या म्हणाली.

त्याने छापील यादी वरून खाली पाहिली. "यात नाही, अम्मा." मग त्याने 'इतर'वर खूण केली आणि शेजारच्या कोऱ्या जागेत तो शब्द हाताने लिहू लागला.

खाटेवरून अक्का म्हणाल्या, "ठळक लिहा."