बंद घरातून परतलेली लेक

माझी लेक वनस्पतिशास्त्र शिकली आणि मंगळावर भाजी कशी पिकवायची याच्या मागे लागली. तिच्या संस्थेने दूर एका माळरानावर बंद घर उभारलं होतं, मंगळावर असावं तसं. सहा जणांनी काही महिने आत राहायचं, वापरलेलं पाणी शुद्ध करून पुन्हा प्यायचं. दार उघडलं की प्रयोग संपला.

ती निघाली तेव्हा तिचे वडील म्हणाले, "तिकडं कायले जावं मानसानं? इथली माती संपली काय?"

"जमतं का ते बघायला, बाबा."

तिचे निरोप येत. पालक उगवला, धान वाढलं पण दाणा भरला नाही. पाण्याला चव बरी, घरातला कुबट वास मात्र जात नाही. मग निरोप थांबले आणि ठरल्यापेक्षा बरीच आधी ती एका दुपारी गोंदियाजवळ कुडव्याला आमच्या दारात उभी राहिली. जेवण झाल्यावर मी विचारलं, तेव्हा तिने सांगितलं.

तिच्या एका सोबत्याच्या आईला पक्षाघात झाला होता. खरोखर मंगळावर असतो तर कुठे गेलो असतो, असं म्हणून तो आतच थांबला. पण त्याचं जेवण सुटलं, बोलणं थांबलं. शेवटी हिनेच दार उघडलं आणि त्याला घरी पाठवलं.

"बाकीच्यांना विचारायचं तरी," मी म्हणाले. इतक्या जणांची मेहनत वाया गेली, हेच माझ्या मनात आधी आलं.

"विचारलं होतं. सगळे नाही म्हणाले. तोसुद्धा."

"मंग काऊन उघडलंस?" तिच्या वडिलांनी विचारलं.

"दार उघडता येत होतं म्हणून. तो पोचला तेव्हा त्याची आई शुद्धीवर होती. पण बाकीचे माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यांचंही चूक नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बिरसीच्या विमानतळाजवळच्या आमच्या शेतावर गेलो. वर शिकाऊ वैमानिकांचं विमान घिरट्या घालत होतं. बांधावर बसून ती म्हणाली, "आम्ही निदान आपल्या मर्जीने सही करून गेलो होतो. तिथे जन्मणाऱ्या लेकराला कोण विचारणार?"

"इथं तरी कोन विचारते?" तिचे वडील म्हणाले.

ती हसली. "खरंय. पण तुमच्यावर रुसून मी पुण्याला तरी जाऊ शकले. त्या लेकराने कुठे जायचं?"

ते पायाने मातीचं ढेकूळ फोडत बसले.

संस्थेने तिला बरेच दिवस बोलावलं नाही. तिने मात्र एकच मागणी लावून धरली: कोणालाही मध्येच बाहेर पडता यावं आणि त्यामुळे बाकीच्यांचा प्रयोग मोडू नये. अखेर घराला एकामागे एक दोन दारं बसवली गेली; एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही, म्हणून कोणी बाहेर पडलं तरी आतलं घर बंदच राहतं. पुढच्या तुकडीसाठी तिने पुन्हा नाव दिलं.

"आणि खरंच मंगळावर जायची वेळ आली तर?" मी विचारलं.

"मी जाईन कदाचित. तिथे मूल होऊ देणार नाही."

मला ते ऐकवलं नाही, तरी मी तिला अडवलं नाही. तिचे वडील काही दिवस तिच्याशी नीट बोलले नाहीत. मग गोंदियाच्या स्टेशनवर सोडायला तेच गेले आणि गाडी येईपर्यंत तिची बॅग हातात धरून उभे राहिले.