बटण फक्त नानांना दिसे

वेबसाइटचं अपडेट घरच्या लग्नाइतकं मनावर घेणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच, आणि ते म्हणजे आमचे नाना. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन ते चाळीसगावात राहतात. धुळ्याच्या आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाची वेबसाइट त्यांनीच उभी केली. तिला तिघे ॲडमिन: नाना, मंडळाचे सेक्रेटरी आणि मी. पण अपडेटचं पान कुणाला दिसावं, त्या यादीत नानांनी टिक केली होती फक्त स्वतःच्या नावापुढे. आम्हा दोघांना ते बटण दिसतच नसे. सगळ्यांनाच दिसू द्या की, असं मी एकदा कुरकुरलो, तर अहिराणीत म्हणाले, "बठ्ठा बटन दाबतीन, ते मंग माले इचारी कोन?"

अपडेट आलं की नाना धुळ्याची गाडी पकडत. हे काम चाळीसगावात पलंगावर बसूनही होतं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. पण नाही. मंडळाच्या खोलीत येऊन ते आधी साइटची एक प्रत पेनड्राइव्हवर घेत, मग दुसऱ्या पेनड्राइव्हवर, कारण पहिल्यावर त्यांचा विश्वास नसे. मग नव्या आवृत्तीत काय बदललं ते इंग्रजीतून मोठ्यानं वाचत आणि प्रत्येक वाक्याला माझी संमती घेत. मला ओ की ठो कळत नसे, पण मान डोलावल्याशिवाय गृहस्थ पुढे सरकायचे नाहीत. काम आटपलं की जे बोलायला बसत ते संध्याकाळच्या गाडीपर्यंत. बायको गेल्यापासून घरात त्यांच्याशी बोलणारं कुणी उरलं नव्हतं. हे त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही कधी विचारलं नाही.

यंदा नाना महिनाभर आजारी पडले, अपडेट राहिलं, साइट बंद पडली आणि स्नेहमेळाव्याची नोंदणी अडली. सेक्रेटरी भडकले. "नाना, एकट्याच्या हातात कशाला ठेवता? परवानगी आम्हालाही द्या." त्यांचं चूक नव्हतं. नानांनी आमच्यासमोर बसून दोन्ही नावांपुढे मुकाट्यानं टिक केली. पुढचं अपडेट मी दाबलं. अर्ध्या मिनिटात झालं, आणि मला उगाच चोरी केल्यासारखं वाटलं. त्यानंतर दोन महिने नाना धुळ्याला आले नाहीत. फोन केला की "बरं शे" म्हणायचे, पुढे काहीच नाही.

नाना धुळ्याला खरे कशासाठी येत, ते शेवटी मी सेक्रेटरींना सांगितलं. ते म्हणाले, "काढ बुवा, माझीही टिक काढ." मी दोघांच्या नावांपुढची टिक काढली आणि नानांना फोन लावला, "नाना, बटण दिसत नाही हो."

"आजच येस मी," ते म्हणाले.

आले. सदरा अंगावर सैल झाला होता. कोणी काय बदललं याची नोंद साइट ठेवते, हे मी विसरलो होतो, ते कसे विसरतील? त्यांनी ती उघडली. टिक काढणाऱ्याचं नाव माझं, तारीख आजची. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. नानांनी बराच वेळ वाचून पान बंद केलं.

"मोठा बिघाड शे, भाऊ," ते म्हणाले, "एक दिवसमा सापडाव नही. गुरुवारी बी येनं पडी."

"या, नाना," मी म्हणालो.