केसरीनाथने लिहिलेला दौलत

काल्हेरच्या नाक्यावर केसरीनाथचं दुकान कुठलं म्हणून विचारलंत, तर माणूस बोट दाखवत नाही, मान वर करतो. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जे बॅनर लोंबत असतात, त्यातले निम्मे तरी याच्या मशीनमधून निघालेले. वडिलांच्या शेतावर गोदाम उभं राहून पैसा आला, तेव्हा अशाच पैशातून गावातल्या इतर पोरांनी गाड्या घेतल्या, याने बॅनर छापायचं मशीन घेतलं. शिकला आमच्याच गावच्या शाळेत, सातवीपर्यंत. पण बाईंनी एकदा त्याचा निबंध वर्गात वाचून दाखवला होता, तेव्हापासून आपण लेखक आहोत ही गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की बसली.

लिहायची त्याची एक रीत होती. कॉम्प्युटरमध्ये तीन मजकूर तयार: एक वाढदिवसाचा, एक श्रद्धांजलीचा, एक निवडीबद्दल अभिनंदनाचा. गिऱ्हाईक आलं की नाव बदलायचं, गोलात फोटो बसवायचा, खाली हात जोडलेल्या पुढाऱ्यांची रांग लावायची. चहा येईपर्यंत बॅनर तयार. ‘शांत, संयमी, मनमिळाऊ’ हे शब्द तर माणूस पाळण्यात असल्यापासून तिरडीवर चढेपर्यंत कामाला यायचे.

त्याची एक गंमत सांगतो. गावातल्या रघूने आपल्या शर्यतीच्या बैलाचा वाढदिवस केला. केक, डीजे, सगळं. बॅनर अर्थात केसरीनाथचा. सकाळी गाव बघतं तर बैलाच्या फोटोखाली ‘गोरगरिबांचे कैवारी’. लोक हसून लोळले. रघू मात्र खूश. म्हणाला, खोटं काय त्यात, आजवर एकाही गरिबाला त्याने शिंग लावलेलं नाही.

आणि हरेश गेला तेव्हाची गोष्ट. हरेश म्हणजे असा माणूस, की बांधावरून भांडण, गटारावरून भांडण, देवळात आरतीला कोण पुढे उभं राहणार यावरून भांडण. त्याच्या श्रद्धांजलीवरही ‘शांत, संयमी, मनमिळाऊ’. त्याची बायको माधवी बॅनरखाली बराच वेळ उभी राहिली. मग केसरीनाथला म्हणाली, “भावजी, फोटू आमच्या मानसाचा हाय, पन मजकूर कोनाचा लावलाव?” दुःखात बुडालेल्या बायकाही तोंडाला पदर लावून हसल्या. केसरीनाथ स्वतःच ही गोष्ट सगळ्यांना सांगायचा आणि पुन्हा तेच शब्द छापायचा.

आता त्याच्या भावाकडे येतो, कारण खरी गोष्ट त्याचीच आहे.

धाकटा भाऊ दौलत. वयाने बाप्या, बुद्धीने पोर. लहानपणी चुलत्याबरोबर पॉवरलूमच्या कारखान्यात गेला असताना पट्ट्यात हात घातला आणि उजव्या हाताचं एक बोट गेलं. तरी हसतच घरी आला होता. आई आनंदीबाई त्याला कधी वेडा म्हणू द्यायची नाही. “माजा दौलत साधा हाय,” एवढंच. पाहुणे आले की त्याला नवा शर्ट घालून ओट्यावर बसवायची आणि सांगायची, घरचं सगळं हाच बघतो. पाहुण्यांना कळायचं, पण कोणी बोलायचं नाही. घरातही तो शब्द कधी उच्चारला गेला नाही.

दौलतला वेड एकच, ट्रकचं. गोदामांच्या दारात गाड्यांची रांग लागते, तिथे हा जायचा आणि अंगातला शर्ट काढून काचा पुसायचा. ड्रायव्हर चहा पाजायचे, कोणी नाक्यापर्यंत केबिनमध्ये बसवून फिरवून आणायचे. दिवेलागणीला हा घरी. सगळे ओळखीचे, त्यामुळे धास्ती नव्हती.

एके दिवशी दिवे लागले आणि दौलत आला नाही.

केसरीनाथ आधी चिडला, मग गोदामं धुंडाळली, मग शेजारच्या पूर्णा गावाच्या रस्त्याला मोटारसायकल घातली. एका वॉचमनने सांगितलं, दुपारी परराज्याच्या नंबरप्लेटच्या एका गाडीत चढताना पाहिला. कुठली गाडी, कुठे चालली होती, ते त्याला ठाऊक नाही. इथून सुटलेली गाडी दुसऱ्या दिवशी कुठल्याही राज्यात असू शकते. आणि हा तर नाव विचारलं की हसणारा माणूस.

पोलिसांत तक्रार दिली. त्यांनी लिहून घेतलं, फोटो घेतला. घरी केसरीनाथची बायको कमळ आणि आई उंबऱ्यात बसून. मग केसरीनाथने त्याला येत होतं ते केलं. दुकान उघडलं आणि बॅनर बनवला.

डोकं ठिकाणावर नव्हतं. हात सवयीने चालले. गोलात फोटो, भोवती फुलांची वेल, मोठ्या अक्षरात ‘शांत, संयमी, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व, सर्वांचे लाडके दौलतशेठ’, खाली पुढाऱ्यांची रांग. ‘हरवले आहेत’ हे सगळ्यात खाली, जिथे एरवी ‘शुभेच्छुक’ असतं तिथे. काल्हेर, कशेळी, पूर्णा, जिथे खांब मिळाला तिथे टांगला. तोच फोटो मोबाईलच्या सगळ्या ग्रुपवर टाकला.

आता आमच्याकडचा माणूस बॅनर वाचतो थोडाच! फोटो बघतो, खालच्या रांगेत आपला नेता आहे का ते बघतो आणि पुढे जातो. ग्रुपवर केकची चित्रं यायला लागली. ‘दौलतशेठ, उदंड आयुष्य लाभो.’ कोणी तलवारीने केक कापतानाचं चित्र पाठवलं. केसरीनाथ एकेकाला फोन करून सांगत होता, अरे, वाढदिवस नाही, हरवलाय तो. इकडे हा सांगतोय, तिकडे आणखी चार केक पडतायत.

हे एक वेळ चाललं असतं. पण ज्यांना तो श्रद्धांजलीचा वाटला, त्यांनी घोळ केला. मयताच्या घरी चूल पेटत नाही, सोयऱ्यांनी डबे न्यायचे, ही आमची रीत. कशेळीच्या सोयऱ्यांच्या बायका टेम्पोने आल्या, हातात भाकऱ्यांचे, वालाच्या आमटीचे डबे, आणि अंगणात पाय ठेवताच त्यांनी गळा काढला.

आनंदीबाई आतून आली. डबे बघितले, रडणं ऐकलं आणि तिला जे समजायचं ते समजलं. केसरीनाथ धावत दुकानातून आला तेव्हा ती जमिनीवर बसली होती, कपाळावर हात ठेवून. त्याच्याकडे बघून म्हणाली, “मना का न्हाय सांगितलास? कनच्या रस्त्यावं घावला?”

“आये, घावला न्हाय गं. शोधतोय. हरवलाय नुसता.”

“मंग ह्या कशाला रडतान?”

बायका ओशाळून डबे ठेवून गेल्या. म्हातारीने त्या डब्यांतलं काही तोंडात घातलं नाही, आणि घरात शिजवूही देईना. चूल पेटवली तर पोर विसरल्यासारखं होईल, आणि नाही पेटवली तर मेल्यासारखं. अशा कात्रीत ते घर दिवस काढत होतं.

केसरीनाथ रोज कशेळीच्या पुलाअलीकडे ट्रॅफिकमध्ये उभा राहायचा. गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात तिथे. केबिनच्या पायरीवर चढून ड्रायव्हरला मोबाईलवरचा फोटो दाखवायचा. फोटो म्हणजे पाहुण्यांसमोरचा, नवा शर्ट, भांग पाडलेला, हात मांडीखाली दडवलेले. बरेचजण मान हलवून खिडकी वर करायचे. एक वयस्क ड्रायव्हर, उत्तरेकडचा, त्याने गाडी बंदच केली. विचारलं, माणूस कसा आहे.

केसरीनाथ म्हणाला, “शांत है. मिलनसार है. सब का लाडला है.”

ड्रायव्हर म्हणाला, “भाईसाहब, मुझे कौन सी शादी करानी है उसकी? सामने आए तो पहचानूँ कैसे, वो बोलो ना.”

मागून हॉर्न वाजायला लागले. सख्खा भाऊ, एका ताटात जेवून वाढलेला, आणि त्याच्याबद्दल सांगायला केसरीनाथला एक वाक्य जमेना. ड्रायव्हर म्हणाला, “लिख के रखो. ठीक से,” आणि गाडी सुरू करून गेला.

केसरीनाथ घरी येऊन ओट्यावर बसला, मोबाईल मांडीवर. लिहायला लागला की बोटं आपोआप ‘शांत’कडे जायची. खोडायचा. पुन्हा ‘प्रेमळ’. खोडायचा. कमळला हाक मारली, म्हणाला, सुचत नाही. ती म्हणाली, “सुचायचं काय त्यात? तो काय करतो तेच लिवा.” आणि मग तिलाच हुंदका आला, कारण तो काय करतो ते सांगायचं म्हणजे घराने झाकलेलं सगळं उघडं करायचं. आनंदीबाई दारातच बसली होती.

त्याने लिहिलं. आधी मराठीत, मग ड्रायव्हरांसाठी हिंदीत. मी तो मजकूर वाचलाय, तुम्हीही वाचा:

‘हा दौलत, माझा भाऊ. राहणार काल्हेर, भिवंडी. दाढी पांढरी होत आली आहे, पण बुद्धी लहान मुलाची आहे. नाव विचारलं तर हसतो. गाव विचारलं तर गाडी म्हणतो. उजव्या हाताला अंगठ्याशेजारचं बोट नाही. पँट नाडीची, बटण लावता येत नाही. उभ्या ट्रकची काच अंगातल्या शर्टाने पुसतो. कोणीही चल म्हटलं की गाडीत चढतो. तो चोर नाही. मारू नका, मारलं तर पळतो. एकटा जेवत नाही. शेजारी कोणी बसलं तरच जेवतो. दिसला तर त्याच्याजवळ बसा आणि मला फोन करा.’

खाली नंबर. फूल नाही, पुढारी नाही.

पाठवायच्या आधी त्याने तो आईला वाचून दाखवला. म्हातारी ‘बुद्धी लहान मुलाची’पाशीच थांबली. म्हणाली, एवढी वर्षं मी झाकलं ते तू चावडीवर मांडलंस. ते एवढं वाक्य काढ. केसरीनाथने तिचे पाय धरले. म्हणाला, आये, ते काढलं तर त्याला कोणी विचारत बसेल, तू कोण, कुठला, आणि हा हसत राहील. ती उठून आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. त्याने मजकूर तसाच पाठवला. त्या क्षणी, तो मला म्हणाला, भाऊ हरवलेला होताच, आईही गेली असं वाटलं.

मजकूर गोदामांच्या वॉचमनकडून ड्रायव्हरांकडे आणि ड्रायव्हरांकडून कुठल्या कुठे गेला. फोन यायला लागले. एक खोटा, एक चुकीचा, एकाने नुसतं रडून घेतलं, त्याचाही कोणी हरवला होता. चार्जरची वायर ओट्यावर आणून केसरीनाथ तिथेच बसून असायचा. दाढी वाढली, दुकान बंद.

मग फोन आला तो मनोरपुढच्या अहमदाबाद हायवेवरच्या एका ढाब्यावरून. सावळ्या नावाचा माणूस, डोंगरातल्या पाड्यावरचा, ढाब्यावर भांडी घासायला. त्याला वाचता येत नाही. जेवायला बसलेल्या एका ड्रायव्हरने दुसऱ्याला मजकूर मोठ्याने वाचून दाखवला, तो याने भांडी घासता घासता ऐकला.

“तुमचा मानूस हथं असल असं वाटतं,” सावळ्या म्हणाला. “बोट न्हाय. गाड्यांच्या काचा पुसतो. शेटनी कालपासून थाळी दिली, खाल्ली न्हाय. आमी समजलो, माजलाय. मंग त्या ड्रायवरनी वाचलं तसा मी बाजूला जाऊन बसलो.”

फोन कानाला धरूनच केसरीनाथ चपला शोधायला लागला.

“आता खातो हाय,” सावळ्या म्हणाला. “मी उठत न्हाय. तुमी या.”

केसरीनाथ गेला आणि घेऊन आला. दौलत अर्धा झाला होता, पाठीवर वळ होते, कोणीतरी चोर समजून मारलेलं, तो मजकूर तिथे पोचण्याआधी. वळांवर कमळने हळद लावली. आनंदीबाईने त्याला मांडीशी घेतलं, पण थोरल्याशी बोलेना. पुढे बोलली ते एवढंच, की पोर आणलास ते बरं केलंस, आता ते लिहिलेलं पुसून टाक.

पण पुसणार कुठून? मोबाईलवर सुटलेली गोष्ट परत येत नाही. आजही कोण कुठून फोन करतं. कधी इंदूरहून, कधी कुठल्या घाटातून. केसरीनाथ प्रत्येकाला सांगतो, मिल गया भाई, घर पे है. परवा मी त्यांच्या ओट्यावर चहा पीत होतो, तेव्हा असाच एक फोन वाजला. केसरीनाथ बोलला, हसला, ठेवणार एवढ्यात म्हातारीने आतून विचारलं, कोण आहे.

“ड्रायवर हाय कोन तरी, आये.”

“काय म्हनतो?”

“इचारतो, दौलत जेवतो का बराबर.”

आनंदीबाई गुडघ्यावर हात टेकत उठली. त्याच्या हातातला फोन घेतला, उलटा धरला, त्याने सुलटा करून दिला. कानाला लावून ती मोठ्याने म्हणाली, “जेवतो रं बाबा. मी बसतंय त्याच्याजवल.”